क्वालिटीवाले काका आणि क्रीम रंगाचा सोफा

क्वालिटीवाले काका कुठेही थेट बसत नसत. आधी उजव्या हाताचा तळवा बैठकीवरून उलट्या दिशेने फिरवायचे, मग तो उजेडात धरून बघायचे आणि मगच टेकायचे. स्वतःच्या घरात हे चाललं असतं. पण लग्नाच्या हॉलमधली खुर्ची, दवाखान्यातलं बाकडं, बसमधली सीट, कशालाही माफी नव्हती. एकदा तर माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवरूनही त्यांनी हात फिरवला. मी वैतागून म्हटलं, "काका, उशीर होतोय." तर म्हणाले, "पोरी, बसायच्या आदी बगायचं. उठल्यावर बगून काय उपेग? तवर माल गेला की गिऱ्हाइकाच्या दारात."

चाकणजवळच्या एका गावातलं त्यांचं घराणं शेतकऱ्याचं. भाऊ अजून कांदा करतो. काका मात्र तरुणपणीच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि तपासणीच्या टेबलावर म्हातारे झाले. रिटायर झाले, पण टेबल सुटलं नाही. चिंचवडच्या कामगार वसाहतीत सगळे त्यांना क्वालिटीवाले काका म्हणत. भाजीवाल्याच्या वांग्यापासून गणपतीच्या मांडवाच्या खांबापर्यंत प्रत्येक गोष्ट ते तपासायचे, आणि नापास केली की कारण सांगायचे. लोक कंटाळायचे. पण मांडवाचा खांब लावताना त्यांनाच बोलवायचे.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. आमचा एक छोटा गट आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करतो. दसरा-दिवाळी आली की आमचे फोन वाजायला लागतात आणि समोरचं बोलणं ठरलेलं असतं: "आम्ही नवीन सोफा घेतलाय हो, तुम्ही आमचं मांजर घेऊन जाता का?" जुनी रद्दी घेऊन जाता का, त्याच चालीवर. ज्या जिवाला तुम्ही पोरांच्या मांडीवर बसवून फोटो काढलेत, तो जीव एका फोमच्या ठोकळ्यापुढे हरतो! त्या वर्षी मी पत्रक काढलं आणि वसाहतीत घरोघर वाटलं. वर जाड अक्षरात छापलं होतं: "सोफा निर्जीव आहे. मांजर सजीव आहे. तुम्ही यातले कोण?"

काकांनी जिन्याखाली उभं राहून ते पत्रक चष्मा लावून वाचलं. मग उलटं केलं.

"मागं कोरं हाय," ते म्हणाले.

"जे सांगायचं ते पुढे आहे, काका."

"पुढं नुसती बोंब हाय. मांजर नखं मारती, केस पाडती, घाण करती, हे लोकांना म्हाईत हाय. म्हणून तर हाकलत्यात. मग करायचं काय, ते कुठं लिवलंय? निम्मा कागुद वाया घालवलास तू."

मी भडकले. शेजारी मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडतात तेव्हा तुमच्यासारखे गप्प बसतात आणि आम्हाला कागदाचा हिशेब विचारतात, असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "झालं? आता वर चल. च्या घे. मग उरलेलं भांड."

वर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी काकू बसल्या होत्या. मांडीवर एक करडी मांजर. शेपूट मधेच मोडून काटकोनात वळलेली. काकांना ती कंपनीच्या भंगाराच्या पिंपात सापडली होती, नापास झालेल्या भागांच्या ढिगात, हाताच्या मुठीएवढी. डब्याच्या पिशवीत घालून त्यांनी ती कंपनीच्या बसने घरी आणली. ते तिला रिजेक्ट म्हणायचे. काकू ठकी म्हणायच्या. मांजर दोन्ही नावांना ओ देत नसे.

गोणपाटाची गोष्ट मला काकूंनीच सांगितली, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना. ठकी मोठी झाली तशी सोफ्याच्या हातांवर नखं काढायला लागली. काकांनी ठरवलं, माल पॅक करायचा. कंपनीत घासू नयेत म्हणून भाग गुंडाळून पाठवतात, तसं. भावाकडून कांद्याची रिकामी गोणपाटं आणली आणि दाभण-सुतळी घेऊन सोफ्याचे दोन्ही हात शिवून बंद केले. एखाद्या पैलवानाच्या दंडाला पट्टी बांधावी तसे.

"आन् मग काय सांगू बाय तुला," काकू म्हणाल्या. "मांजर येडीच झाली. त्या गोणपाटाला अशी बिलगली, अशी बिलगली! आदी एक डाव नखं काढायची, आता उठता-बसता तिथंच. आमी म्हटलं, आवं, सोफा झाकलाय का तिला तालीम बांधून दिलीय?"

काका बाजूला चहा ढवळत होते. त्यांनी नाकारलं नाही. "चूक झाली. पण चुकीत शिकाया गावलं," ते म्हणाले. "मी बसलो आन् इचारलं, का? सोफ्याला का झोंबती? खरखरीत लागतं म्हणून. खरखरीत का लागतं? नखाचं जुनं कवच निगाया पायजे. मग मांजर चुकली का? न्हाई. ती तिच्या ड्युटीवर हाय. आपली मांडणी चुकली." मग त्यांनी तेच गोणपाट सोफ्यावरून काढलं, जुन्या बाजेच्या पायाला गच्च गुंडाळलं आणि तो खांब सोफ्याला खेटून उभा केला. सोफ्याच्या हातांवर गुळगुळीत रेक्झिन ठोकलं. ठकीने रेक्झिनला एकदा पंजा लावून बघितला, तोंड वाकडं केलं आणि खांबाकडे वळली. त्या दिवसापासून सोफा सुटला. मी गेले तेव्हा खांबाची दाढी लोंबत होती आणि सोफ्यावर एक ओरखडा नव्हता.

केसांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं: केस सोफ्यावरून काढायचा नाही, मांजरीवरून काढायचा. "गळती नळाला हाय आन् तू फरशी पुसतीस." रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते तोच पेपर अंथरायचे, ठकीला त्यावर घ्यायचे आणि बारीक फणीने विंचरायचे. तरी सोफ्यावर उरलेच, तर भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने ओढायचे. केसांची वळकटी व्हायची. ती चिमटीत धरून ते खिडकीशी जाऊन बघायचे आणि मान डोलवायचे. बैठकीवर काकूंचं जुनं मऊ लुगडं अंथरलेलं असे, दर रविवारी धुवायला जाई. फरशीला मात्र फिनेल नाही. ते मांजरीच्या पंजाला लागतं आणि चाटल्यावर पोटात जातं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी बाटली त्याच क्षणी उचलून बाहेर ठेवली. "हे पत्रकात का न्हाई लिवलंस?" एवढंच म्हणाले.

पुढचं पत्रक काढलं तेव्हा मागची बाजू कोरी ठेवली नाही. पुढचं वाक्य तसंच राहू दिलं, हट्टाने. मागे मात्र गोणपाटाचा खांब, फणी, ओला हातमोजा. फोन तेव्हाही आलेच. पण काही लोकांनी मांजर घेऊन जा म्हणण्याऐवजी बाजेचा पाय कुठे मिळेल ते विचारलं.

खरी अडचण आली ती काकूंच्या गुडघ्यांमुळे. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. काकू बाथरूममध्ये पडल्या, त्यानंतर त्यांना जिना उतरणं जमेना. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली आणायचं. मुलगा संतोष वाकडला उंच टॉवरमध्ये राहतो, आयटीत आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. तो कधीचा म्हणत होता, इकडे या. काकूंचं उत्तर एकच: ठकी येईल तर मी येईन. आणि सून मेघना म्हणत होती, आई-बाबा कधीही या, मांजर नको. तिने नुकताच क्रीम रंगाचा, कापडी, कोपऱ्यातून वळणारा मोठा सोफा घेतला होता.

पुन्हा सोफा! मी तर पेटलेच. काकांना म्हटलं, मी त्या सोसायटीच्या गेटवर जाऊन पत्रकं वाटते, म्हातारीचा जीव मोठा की कापड मोठं, असं विचारते सगळ्यांसमोर.

"आन् मग ती मांजर घेईल व्हय घरात?" काकांनी विचारलं. "दार लावून घेईल. तुज्या पत्रकाला दार लावायचं तेवडं कळतं लोकांना." मग स्वतःच मुलाला फोन लावला. "संतोष, ट्रायल घेऊ. म्हैनाभर. सोफ्याला डाग पडला तर मांजर परत." संतोषने बायकोला विचारून होकार दिला. परत म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नाही. वसाहतीतलं घर तर बंद होणार होतं. परत म्हणजे माझ्याकडे, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वीस पिंजऱ्यांच्या रांगेत. आणि काकू काय करतील, हे तर मला विचारायचीही भीती वाटत होती. पडल्यापासून त्यांचं सगळं जग म्हणजे ती खिडकी आणि मांडीवरचं ते ऊब देणारं ओझं.

मांजर वाकडला पोचवायला मीच गेले. मेघनाने दार उघडलं. मी मनात तिला कैकयी करून ठेवलं होतं. समोर एक थकलेली बाई, कानात हेडफोन, हाताला कणीक. पाणी देताना तीच म्हणाली, "ताई, तुमचं पत्रक मी वाचलंय. सोफा निर्जीव आहे, बरोबर. पण आम्ही एका खोलीत वाढलो. पाहुणे आले की शेजाऱ्यांकडून खुर्ची मागून आणायची, ते गेले की पुसून परत द्यायची. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कुणाला न विचारता निवडलं, आणि ते हे." ती सोफ्याकडे बघत होती. पत्रकात या बाईसाठी ओळ नव्हती.

काकांनी पहिल्या दिवसापासून आघाडी सांभाळली. खांब आला. सोफ्यावर लुगडं आलं, मेघनाने रंग जुळणारी चादर काढून दिली, तर तिच्यावरून तळवा फिरवून म्हणाले, "पास." सकाळची विंचरणी गॅलरीत सुरू झाली. मांजरीची वाळूची ट्रे ठेवली मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या मशीनच्या बाजूला. मी आठवड्यातून एक-दोनदा डोकावायचे. सगळं इतकं सुरळीत होतं की मेघनाने एकदा मांजरीच्या मोडक्या शेपटीला बोट लावून बघितलं.

महिना संपत आला होता. मी दुपारी गेले होते. मेघना आतल्या खोलीत कंपनीच्या मीटिंगवर, काकू खुर्चीत, मी आणि काका खांबाचं झिजलेलं गोणपाट बदलत होतो. लुगडं आणि चादर धुवायला मशीनमध्ये होते. आणि त्या मशीनने एकदम पिळायला घेतलं. घरघर, धडधड, गॅलरी हादरली. ठकी तेव्हा नेमकी ट्रेमध्ये बसली होती. ती गोळीसारखी आत आली, उघड्या सोफ्यावर चढली आणि तिथेच, थरथरत, राहिलेलं काम पुरं केलं. भाकरीएवढा डाग पडला. क्रीम कापडावर तो आणखी पसरत चालला.

मी फडकं घेऊन धावले. "घासू नको, दाब," काका पुटपुटले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. काकूंचा हात रिकाम्या मांडीवर इकडून तिकडे फिरत होता.

आतलं दार उघडलं. मी सरळ उभी राहिले. भाषण तयार होतं: मांजर भ्यायली की असंच होतं, दोष तिचा नाही, मशीनशेजारी ट्रे ठेवणाऱ्यांचा आहे. तोंड उघडणार, तेवढ्यात काका पांढऱ्या स्वच्छ लेंग्यासकट त्या ओल्या डागावर बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा चूक झाली बग माझ्याकडनं. उठायच्या आतच… कळलंच न्हाई."

मेघनाने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे. मग काकूंकडे, ज्या खिडकीबाहेर बघत होत्या. खोलीत मशीनची धडधड तेवढी होती.

"होतं बाबा," ती म्हणाली. "वयात होतं." आणि ती टॉवेल आणि कोरडा लेंगा आणायला आत गेली.

निघताना लिफ्टपाशी मी काकांना धरलं. "काका, हे साफ खोटं आहे. तुम्ही आयुष्यभर एक खराब भाग पास केला नाहीत, आणि आज?"

"केला पास. आदीपासनं रिजेक्टच हाय ती."

"पण लोकांना कळायला हवं ना, मांजर असं का करते! आपण बरोबर होतो!"

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, माझ्यासाठी. "पोरी, तुला बरोबर ठरायचंय का मांजर ठिवायचीय? एकच सांग."

लिफ्ट आली. मी आत शिरले.

आता त्या खोट्याचे हाल बघा. संतोषने त्यांना डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या आल्या. त्या काका घेत होते की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या गादीखाली रबरी शीट आली. सोफ्यावर त्यांची जागा ठरली आणि तिथेही शीट आली. प्रवासाला निघताना संतोष हळू आवाजात विचारायचा, "बाबा, पॅड घातलंय ना?" शेजारचे येऊन बसायचे तेव्हाही विचारायचा. ज्या माणसाने जगाच्या बैठका तपासल्या, त्याची बैठक आता घर तपासत होतं. मला ते बघवत नसे. काका मात्र मांडीवर हात ठेवून आरामात बसलेले. "शीट माझ्याखाली हाय, म्हणून सोफा सेफ हाय," ते माझ्या कानाशी म्हणायचे. "आन् तिकडं बग." तिकडे काकूंच्या मांडीवर ठकी झोपलेली असायची.

डाग पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रे मशीनपासून हलवून बाथरूमबाहेरच्या शांत कोपऱ्यात नेली होती. मेघनाने विचारलं, इथे का? तर म्हणाले, "मशीन हलत न्हाई सूनबाई, ट्रे हलती. तिला गुपचूप जागा लागती. माझ्यागत." मेघना हसली नाही. "बरं," म्हणाली. पुन्हा कधी डाग पडला नाही. काकांचा नाही आणि मांजरीचाही नाही. डॉक्टरांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

पुढच्या थंडीत काका गेले. सकाळी गॅलरीत पेपर अंथरून फणी शोधत होते, तिथेच बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गावाकडचा भाऊ, कंपनीतले जुने सोबती, वसाहतीतली माणसं. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "माझा अख्खा लॉट परत पाठवला होता राव या माणसाने. शिव्या घातल्या होत्या मी." आणि डोळे पुसत होता.

दहाव्यानंतर गर्दी ओसरली तेव्हा मी पुन्हा गेले. काकू सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. मेघना चहाचे कप गोळा करत होती. तिने एक उशी उचलली आणि थांबली. खाली ताजा डाग होता. तोच वास. ठकी पडद्यामागे होती, शेपटीचा काटकोन तेवढा बाहेर दिसत होता.

आता सोफ्यावर बसायला काका नव्हते.

काकूंनी डागाकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि पदर सावरत बारीक आवाजात म्हणाल्या, "मेघना, माझ्याकडनं झालं गं ते. गुडगं उठू देत न्हाईत, म्हाईत हाय ना तुला."

मेघनाने कप खाली ठेवले. ती गार पाणी आणि फडकं घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि डाग दाबू लागली. घासला नाही, दाबला.

"आई, बाबांनी सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं," दाबता दाबता ती म्हणाली. "मला काय वास कळत नाही? एवढा मानी माणूस माझ्यासमोर असं म्हणतोय, मग मी काय बोलणार होते? पण तुम्ही नका आता. एका मांजरीपायी या घरातल्या सगळ्यांनी लाज सोडायची का?"

काकू रडायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मेघना उठली, पडद्यामागून ठकीला दोन्ही हातांनी काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग हात पुसत माझ्याकडे वळली.

"इतकी माणसं येऊन गेली घरात. हिची ट्रे कुणी हलवली, ते बघा जरा."

मी उठले. बाथरूमबाहेरचा कोपरा रिकामा होता. ट्रे घराबाहेर जिन्याच्या दारापाशी सापडली, भेटायला आलेल्यांच्या चपला ठेवायला जागा हवी म्हणून कुणीतरी सरकवलेली. मी ती उचलून आत आणली.